खड्याला कळतं

काहो, तुमच्या घरी मागून माणूस आलं तर तुम्हाला कळतं की नाही? पावलं वाजतात, बांगड्या वाजतात, कपबशी वाजते... आमच्याकडे नाही कळत! तुम्हाला सांगते, आमची ललिता तिवस्याला नांदायला गेली आणि अकोल्याच्या घरात आम्ही दोघं उरलो. म्हणजे एकीकडे मी, आणि एकीकडे हे आणि यांचा पेटारा! हे कॉलेजातली प्रयोगशाळा सांभाळतात, आणि घरी आले की मोटारीच्या बॅटरीवर छताचा पंखा फिरवायचा पेटारा करत बसतात. पंखा कुठला फिरतो... तारेतून वीज जास्त धावली की आतले ट्रान्झिस्टर फट्‌कन जळतात, आणि ती जास्त धावतेय हे कळेपर्यंत घरभर वास!

मग मुंबईहून एक खडा मागवला. तिळाएवढा! तारेभोवती लोखंडाचं कडं, कड्याच्या फटीत तो खडा, खड्याला जोडलेला काटा. तारेत वीज वाहिली की भोवती चुंबकासारखी ओढ होते म्हणे, ती खड्याला कळते आणि काटा हलतो. "पाह्य, तारेले हात बी नाई लावा लागत!" असं हे मला म्हणाले... मला कुठलं, खड्यालाच! मी म्हटलं, "अवो, मले कालपासून कणकण हाय." तर म्हणतात, "हो, एका जागी ठरूनच नाई राह्यला." कोण? काटा! हात न लावता तारेच्या आतलं कळतं, आणि शेजारी बसलेल्या बायकोचं... जाऊ द्या.

त्यात उन्हानं खडा बिथरतो म्हणून वाळ्याची ताटी माझ्या खिडकीतून निघाली ती पेटाऱ्यापुढे लागली, आणि तिच्यावर पाणी शिंपडायला मी! शेजारची मैनाबाई हसते, "काहून वं, सवत आणली का त्यानं?" अहो, सवत बोलली तरी असती!

परवा संध्याकाळी चहा घेऊन गेले तर हे ओरडले, "सरक वं मागं! तू आली का काटा हालते!" मागे सरले, काटा खाली. पुढे गेले, काटा वर! तुम्हाला सांगते, मला रडूच आलं. या घरात मी आलेलं कोणाला तरी कळलं... हातही न लावता! मी आपली पुढे-मागे, पुढे-मागे... तर यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "किल्ल्या काढ."

त्याचं असं, की जुन्या रेडिओच्या कर्ण्याचं लोहचुंबक स्वयंपाकघरात पडलंय, आणि मी कमरेचा जुडगा रोज निजताना त्यालाच चिकटवते. खिळा कशाला ठोकायचा? तर किल्ल्याच चुंबक होऊन बसलेल्या! जुडगा ठेवून पुढे गेले. काटा ढिम्म. "झालं!" म्हणाले, आणि पाठ फिरवून बसले. "आता त्या चुंबकाले नको लावत जाऊ."

"बरं," म्हटलं, आणि निजताना जुडगा चुंबकालाच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमरेला खोचून मी चहा घेऊन गेले, काटा हलला, आणि मागे न पाहताच हे म्हणाले, "आली का वं? ठेव तिथं."