नखाएवढी चिप आन सृष्टीचा फारम

...आन वरून मलाच म्हनतो, "काका, जरा शांत बसा!" आता तुमीच सांगा, काहून बसावं शांत? नातीच्या, सृष्टीच्या, नर्सिंगच्या फारमाची आज शेवटची तारीख, पाचच्या ठोक्याला सरकार दार लावून घेनार, घड्याळात दोन वाजून गेलेले, आन हा सोमेश्वर... माझ्या चुलतभावाचाच पोरगा बरं का, आखाडा बाळापुरात कंप्युटरचं दुकान घालून बसलाय, सगळ्या मुलखाचे फारम भरतो... तो हातावर हात ठेवून मला काय सांगतो? "काका, कंप्युटर चालू हाय, तारंत नेटबी हाय, पन मधली चिप गेली."

गेली म्हनं! कुठं गेली? माहेराला?

म्हनलं, "ते समदं खरं, पन फारम जानार का न्हाई?"

"हिंगोलीहून नव्या चिपची डबी मागवलीय, जीपवाल्याच्या हाती. येऊन राहिलाय तो."

बरं, मोबाईलवर करावं, तर टावर दोन दिसांपासून मुका. दुसऱ्या दुकानात जावं, तर तिथं उरूस भरलेला. झालं, बसलो. सृष्टी कागदाची पिशवी उराशी धरून बाकड्यावर. आन ह्या गड्याला नेमकी तवाच हुक्की आली, मला ज्ञान पाजायची!

तुमाला सांगतो, चिप म्हंजी नखाएवढा काळा तुकडा, कडंनं गोमीसारखे पाय. नेटची तार जिथं खुपसतेत, त्या भोकाच्या मागं दबा धरून बसलेली. सोमेश्वर म्हनला, "काका, फारम असा अख्खा न्हाई जात. त्याचे तुकडे होऊन जातेत."

तुकडे! माझ्या नातीच्या फारमाचे! सृष्टी दचकून उठलीच!

"अहो, भिऊ नका. दर तुकड्यावर कोनाकडून, कोनाकडं, असे नंबर असतेत. शेवटी चिप एक हिशेब करून आकडा लिहिती. पल्याडची चिप तोच हिशेब पुन्हा करती. जुळला तर ठेवती, न्हाई जुळला तर तुकडा फेकून देती, मंग कंप्युटर तो पुन्हा मागवून घेतो."

वा! आमचा कागद हापिसात हरवला की पुन्हा कोन मागवतो? आमीच हेलपाटे घालतो! आन त्या नंबराचं काय सांगितलं, तर म्हनं कारखान्यातच दर चिपला नंबर देतेत, एकीचा दुसरीला न्हाई. म्हनलं, बरंय बाबा, आमच्या एका गल्लीत चार सोमेश्वर हायत. आन म्हनं दुसऱ्याच्या नावाचा तुकडा दारात आला तर ती बघतबी न्हाई, सोडून देती. असलं एक मानूस आमच्या डोंगरकडा गावात दाखवा मला! बाई असो का बाप्या, कोनीबी चालंल!

"ते समदं खरं, पन फारम जानार का न्हाई?"

"ऐका तर! पूर्वी एकाच तारंवर लई जन असायचे. तवा चिप आधी कान द्यायची, कोनी बोलून राहिलं का. दोघं एकदम बोलले की दोघंबी गप. थोडं थांबायचे, मंग पुन्हा बोलायचे."

आमच्या ग्रामसभेत बसवा की एक! तिथं बारा जन एकदम बोलतेत आन तेराव्याचं इतिवृत्तात लिहितेत!

पुढं म्हनं, दोन टोकाच्या दोन चिपा आधी एकमेकींला इचारतेत, तुला किती जोरात झेपतं? दोघींला झेपंल त्याच चालीनं चालतेत. अरे, जुवाला बैल जुपताना आमी दुसरं काय करतो? जन्म गेला जुपन्यात, आमाला कोनी चिप म्हनलं न्हाई! आन आलेला माल म्हनं ती थेट आठवनीच्या कोठीत रचती, मंग मोठ्या मेंदूला नुसती टिचकी मारती, आलंय बघ. त्याला मधी तकलीफ न्हाई. झोपलेल्या कंप्युटरला बाहेरून हाक आली तर उठवतीबी! म्हनलं, आमच्या हरीशच्या, सृष्टीच्या बापाच्या, उशाला लाव एक. मी आठ वाजता हाका मारतो, तो दहाला उठतो.

शेवटी माझंच डोस्कं फिरलं. म्हनलं, "एवढी गुनाची होती, तर मेली कशानं?"

आन तुमाला सांगतो, दोन तास माझ्याकडं बघून बोलनारा गडी कंप्युटरच्या डब्याकडं बघाया लागला.

"पानी गेलं, काका."

"पानी? वर तर सिमिटाचा स्लॅब हाय!"

त्यानं डबा फिरवला. तारंच्या भोकात कुकवाचा वाळलेला चिखल. वर दोन अक्षता, चिकटून.

सृष्टीनं माझ्याकडं बघितलं.

आता बोला! खंडेनवमीला अवजाराची पूजा करायची का न्हाई? ह्यानंच मला बोलावलं, "काका, घरातलं मोठं मानूस, हात तुमचा लागू द्या." मी वखराची करतो, मोटारीची करतो, तशीच केली. चांगला तांब्याभर पानी शिंपडून! कोरडी पूजा देवाला पोचती व्हय? हा म्हनला होता, "पुढून कंप्युटरच्या टीव्हीला काई लावू नका," आन नारळ फोडायला बाहेर गेला. मी ऐकलं की त्याचं! पुढून थेंब लावला न्हाई, सगळं मागून घातलं!

पन खरं सांगू? त्यानं दोन तास एवढी अक्कल सांगितली, त्यात एकदाबी माझं नाव घेतलं न्हाई. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिकडं पोरगी घडीघडी घड्याळाकडं बघून राहिलेली. माझ्याच्यानं बघवंना. टोपी काढून मांडीवर घेतली आन हळूच म्हनलं, "सोमेश्वर... फारम जानार का न्हाई रं?"

साडेचारला जीप आली. बोटाएवढी डबी, हिकडून कंप्युटरला खुपसली, तिकडून तार लावली. हिरवा दिवा लागला, पिवळा लुकलुकाया लागला. मी हात जोडले... पन लांबून! आन पाचाला आठ मिनिटं कमी असताना फारम गेला! सृष्टी अशी उडाली, माझ्या गळ्यातच पडली.

मीबी खुशीत म्हनलं, "पहिल्या नंबरला हिंगोलीचं कालेज टाकलंस ना, बाई?"

"न्हाई आबा. कोल्हापूर."

कोल्हापूर! अहो, माझा जन्म गेला, नांदेडाच्या पल्याड मी दोनदा गेलो असेन! पोरगी हसून राहिली, पेढे आनते म्हनून बाजाराकडं पळाली. मी सोमेश्वरच्या कानाशी गेलो. म्हनलं, "बाबा, ह्या नव्या चिपेत एवढे गुन हायत... गेलेला फारम माघारी बोलवायचा गुन हाय का?"

"न्हाई काका," म्हनला, "तेवढी एक सोय न्हाई ठेवलेली."