दहा हजार सात

...आणि वर मलाच म्हणतात, "मास्तर, तुम्हाला साध्या रांगा लावता येत नाहीत?" साध्या? दहा हजार सात मुलं आहेत हो! तुम्हाला सांगतो, मी आपला कवायतीचा मास्तर. शहरातल्या झाडून सगळ्या शाळांची मुलं एका मैदानात उभी करायची, मनोऱ्यावरून फोटो काढायचा, आणि मोठ्या साहेबांचं फर्मान काय? "भरीव चौकोन पाहिजे. सगळ्या रांगा सारख्या. एकही मूल बाहेर नको!"

बोलायला काय जातंय! शंभर-शंभरच्या रांगा केल्या, सात उरली. त्र्याहत्तरच्या केल्या, सहा. एकसष्टच्या, तीन. तेवीसच्या, दोन! म्हटलं, आलं जमत... कसलं जमतंय? उरतंच हो, कुणीतरी उरतंच! ऊन डोक्यावर, शिट्टी फुंकून गालांची पार भाकरी झालेली, आणि आमची ही, गणिताची बाई, पायरीवर सावलीत बसून शांतपणे म्हणते, "अहो, कशाला जीव काढताय मुलांचा? मूळ संख्या आहे ती. एक आणि ती स्वतः, बाकी कशानंच भाग जायचा नाही."

"मग करू काय?"

"एकच लांब रांग करा."

एकच! दहा हजारांची! शेवटच्या पोराला 'सावधान' म्हणायला मी बसनं जाऊ?

साहेब कर्ण्यातून ओरडले, "एक मूल कमी करा!" ही म्हणाली, "मग दोनच रांगा होतील. पाच हजार तीनच्या. कारण पाच हजार तीनही मूळच." घ्या! आणि कमी तरी कुणाला करू? कडेला पुढचे दात पडलेली एक चिमुरडी उभी होती, ती माझ्याकडे बघून म्हणते, "थल, माझं काय चुकलं?" काय सांगू तिला? बाळ, तुला भाजक नाही म्हणून? नाही झालं हो माझ्याच्यानं. उरतंच, कुणीतरी उरतंच, पण ही नाही!

शेवटी हिलाच माझी दया आली. "एक वाढवा. दहा हजार आठ. बहात्तर रांगा, एकशे एकोणचाळीसच्या." आता एक आणायचा कुठून? मीच घुसलो! चिमुरडीच्या शेजारी. आणि काय सांगू... जमलं! कोपरा न् कोपरा काटकोनात! हिनं पायरीवरून टाळी वाजवली. लग्नानंतर पहिल्यांदा!

तेवढ्यात साहेबांना भरून आलं. "वा मास्तर! थांबा, मीही येतो फोटोत!"

म्हटलं, नको... आले! कडेला एकटेच उभे राहिले. मी हिच्याकडे पाहिलं. हिनं कपाळाला हात लावला. "दहा हजार नऊ. तीही मूळच!"

साहेब म्हणतात, "मीच एकटा बाहेर कसा?" आता साहेबांना कोण म्हणणार, उरतंच, कुणीतरी उरतंच? निघालो मुकाट्यानं. माझ्या जागी साहेब, आणि मी मनोऱ्याखाली शिडी धरून.

परवा फोटो घरी आला. सगळे मोहरीएवढे ठिपके. आईनं चष्मा पुसून पुसून शोधलं. "अरे, यात तू कुठला?"

मी म्हटलं, "हा बघ, शेवटून तिसरा."

आईनं त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती रे वाळलास!"