घागरीवरचा वेल

काय सांगू तुमाला, आमी मूळचे राणीसावरगावचे, पण शेतात माजं मन लागंना, म्हणून मामानं मला पूर्णेला आणलं अन् भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर आपल्या बाजूला बसवलं. मामा भांड्यावर नावं घालायचा. एक टोकदार खिळा, एक बारकी हातोडी, ठक ठक ठक, ठिपक्याला ठिपका लावत जायचं की अक्षर उमटतं, अन् कडंनं फुलं-पानं बी तशीच. लोकाला वाटतं सोपं हाय. हात जड पडला की पत्र्याला भोक, घागर गेली कामातून. मामा म्हणायचा, पडला ठिपका पुसता येत न्हाई, म्हणून लग्नाच्या भांड्यावर आदी पोरीचं नाव घाल, नवऱ्याची जागा मोकळी ठेव, त्येचं नाव लग्न लागल्यावर.

सत्तर सालानंतरची गोष्ट, पूर्णेला तवा कोळशाची इंजिनं व्हती. रेल्वेत ग्यांगमन व्हते किसनबाबा, ते लेकीसाठी पितळी घागर घेऊन आले. मामा नेमका गावाला गेल्ता. बाबा म्हणले, सुमनचं नाव घाल अन् शेजारी जावयाचं बी घाल, प्रल्हाद. मी म्हणलं, लग्नानंतर घालू की. तर म्हणले, विहारापुढं मांडवात चार लोकाला दिसाय नगं का? त्येंचं तोंड लय खुललं व्हतं हो, मला न्हाई म्हणवंना. घातलं.

आठ दिवसात लग्न मोडलं. पोराकडचे रेडिओसाठी अडून बसले, बाबानं बी सांगितलं, जावा. पण घागर? परक्याचं नाव असलेली घागर लेकीसंगं कशी द्यायची? बाबा ती मोडीत घालायला आमच्याच दुकानी आले, मागं सुमन. ती म्हणली, बाबा, माजं नाव बी मोडीत घालता का?

चूक माजीच व्हती ना. म्हणलं, बाबा, सांजपतोर मला द्या. सुमन ओट्यावरच बसली बघत. प्रल्हादच्या वरच्या रेघेचा मी देठ केला, कान्याची डहाळी, गाठीगाठीला फूल, ठिपक्यात ठिपके मिसळत गेलो, नावाचा वेल झाला. मग नळाखाली घागर भरली, वर धरली. एक थेंब गळला न्हाई. बाबा तिथंच रडले. सुमन हसली, अन् मी खुळ्यावानी बघतच राहिलो.

माजी कुठली हिंमत, मामानंच शब्द टाकला. दुसऱ्या साली तीच घागर घेऊन सुमन आमच्या घरी आली.

आता यंत्रानं नावं घालतेत, टर्रर्र की झालं. मला बी दिसंना गेलंय. परवा हिला म्हणलं, एवढी वर्सं झाली, आता तरी घागरीवर माजं नाव घालू दे. तर चिंच लावून घासता घासता म्हणते कशी, जागा हाय कुठं, अन् वेल कुणी घातला ते मला ठावं न्हाई व्हय?

लय बरं चाललंय बगा आमचं. तुमच्या बी घरची घागर कदी गळू नये.