चांदरीचा पान्हा

मंडळी, मला एक सांगा — घरातली आई दिवसभर बोलते, ते ऐकतं कोण? नवरा? पोरं? पुढच्या माउली हसल्या बघा! म्हणजे उत्तर ठाऊक आहे. मग ऐका!

दाजीबा नावाचा शेतकरी. त्याची बायको अंजिराबाई. नांदायला आली तेव्हा तिला लुगडं सावरत नव्हतं, आणि गेली तेव्हा नातवाला मिशा फुटल्या होत्या. एवढा लांब संसार! पोर झोळीत, झोळी बाभळीला आणि बाई खुरपायला! सगळी कामं पुढं सुनेला दिली, एक सोडून — चांदरी म्हशीची धार. रेडकू मेलेलं, तरी अंजिराबाईच्या हाताला चांदरी दूध द्यायची.

अंजिराबाई गेली, आणि चांदरीनं पान्हा चोरला! कास दगडासारखी झाली. ढोरांच्या डॉक्टरनं सुई टोचली आणि सांगितलं, "आज दूध उतरलं नाही, तर म्हस हातची गेली."

दाजीबानं लगेच चरवी आणायला सांगितली. अंजिराबाईच्या हाताची तेवढीच तर एक जितीजागती खूण!

थोरला लेक बब्रुवान धारेला बसला — अशी लाथ! चरवी उकिरड्यात, बब्रुवान शेणात!

मग सून सासूचं लुगडं नेसून बसली. चांदरीनं वास घेतला. गप उभी राहिली. पण दूध? थेंब नाही!

सून हळूच म्हणाली, "मामंजी, आत्या मुक्यानं धार काढत नव्हत्या."

"मग? देवाचं म्हणायची?"

"न्हाई... तुम्हाला शिव्या द्यायच्या."

आता आली का पंचाईत! सुनेनं सासऱ्याला शिव्या द्याव्यात? लेकानं बापाला? घरात दाजीबाला शिव्या देऊ शकेल असा एकच माणूस उरला — दाजीबा!

नेसला की हो लुगडं! पदरात मिशा झाकल्या, बसला म्हशीखाली.

"मेल्या..." पदराआडून पुटपुटला.

भिंतीआडून सून म्हणाली, "मोठ्यानं, मामंजी! आत्या वेशीपर्यंत ऐकू यायच्या!"

"मुडद्या! लेकराला गोवर निघाला, तवा तू कुस्त्यांच्या फडात! पोर पाठीला बांधून पुराचा वढा मी वलांडला! बैलाला पेंड आधी, बाळंतिणीला मागनं! आन वर इचारतो, कालवणात मीठ का कमी?"

भिंतीआड बब्रुवान तोंडात टॉवेल कोंबून हसतोय! चांदरीनं कान हलवले.

दाजीबा सुटला. सगळं आठवत होतं हो त्याला! जन्मभर ऐकू न आल्यासारखं करत होता, एवढंच.

"तापानं फणफणले, तरी भाकरी थापल्या. एकदा तरी म्हणलास का, बस जरा?"

इथं त्याचा हात थांबला. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं. म्हणाला, "अंजिरा... बस गं जरा."

चर्र! चर्र! चरवीत धार वाजली, मंडळी! फेस वर आला. भिंतीआडचं हसू कधीच थांबलं होतं.

आता तुम्ही घरी जाल. आई चुलीपुढं काहीतरी पुटपुटत असेल. टीव्हीचा आवाज वाढवू नका! जवळ जाऊन बसा. शिव्या असल्या तर तुमच्याच असतील — खा पोटभर! आणि तिला म्हणा, बस जरा. दाजीबाला हे म्हणायला लुगडं नेसावं लागलं. बाबांनो, तुम्ही धोतरातच म्हणा!