आज माझं मौन आहे

...नाही नाही, ते ड्रिलचं मशीन बाहेर काढू नका, पिशवीतच राहू द्या. आणि जरा हळू, मिस्त्री — म्हणजे तुम्ही बोलतच नाही आहात, ते उत्तमच, पण हातोडा खाली ठेवतानासुद्धा... हां, अस्सा. त्या बंद दाराआड आमची धाकटी बसलीय. मुलाखत चाललीय तिची, परदेशातल्या विद्यापीठाची, संगणकावर. पलीकडे तीन प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडे आत्ता संध्याकाळ आहे म्हणे, आणि पुढच्या शिक्षणाला हिला घ्यायचं की नाही ते या मुलाखतीवर ठरणार. तेव्हा तासभर या घरात हूं की चूं होता कामा नये. बसा त्या स्टुलावर. मीसुद्धा बोलत नाहीये. आज माझं मौन आहे.

असं बघू नका, खरंच मौन आहे. सकाळी देवापुढे दिवा लावला आणि संकल्प सोडला — पोरीची मुलाखत संपेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. आता तुम्ही दार वाजवलंत, तुम्हाला निदान थांबा तरी म्हणायला नको? ते आपद्धर्मात येतं. शिवाय मी कुजबुजतेय, आणि कुजबुज मौनात धरत नाहीत. कोण म्हणतं म्हणजे? व्रत माझं, मीच म्हणते. ह्यांना विचारा, सकाळपासून एक अक्षर बोलले नाहीये मी. दूध आणायचंय ते पाटीवर लिहून दाखवलं, तर वाचून म्हणतात कसे — हे छान आहे, महिन्यातून एकदा करत जा. उत्तर ओठांवर आलं होतं, पण गिळलं. मग पाटीवरच लिहायला घेतलं, तर पाटी पुरली नाही. आता गेलेत फिरायला. मीच घालवलं — शिंका येतात त्यांना, आणि एक आली की सात येतात. बेलची वायर काढून ठेवलीय, कुकर आज लावलाच नाही, वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून आलेय की आज खुर्च्या ओढू नका. काल सांगितलं ते, मौनाच्या आधी. कुठे काही वाजेल अशी वस्तू ठेवली नाही घरात. फक्त तुम्ही राहिलात.

अकराला मीच बोलावलं होतं? असेल. म्हणजे फळ्या आज लावायच्यात हे मी म्हटलं होतं, पण अकरालाच... नका दाखवू तो मोबाईल, माझा विश्वास आहे तुमच्यावर. अकरालाच या, उशीर करू नका, असं दोनदा म्हटलं मी? म्हटलं असेन हो. डोक्यात मुलाखतीचे अकरा घोळत होते, तेच तोंडातून गेले असतील. होतं माणसाचं असं. पाणी घ्या.

आता बघा, ही पोर तिकडे परदेशात तीन वर्षं इंग्रजी शिकवत होती. कुणाला म्हणाल तर एवढ्या एवढ्या पोरांना. हत्ती, जिराफ, लाल, निळा. पदवीला पहिल्या वर्गात आलेली मुलगी, आणि सकाळी शाळेच्या फाटकात उभी राहून प्रत्येक पोराला उडी मारून नमस्कार करायची — तशी पद्धतच होती त्या शाळेत. एकदा पालक येणार होते तर हिला बेडूक केलं. हिरवा पोशाख, डोक्यावर दोन डोळे. फोटो पाठवला तिनं, हसत होती त्यात. ह्यांनी तो कुणाला दाखवला नाही. नातेवाइकांत सांगायचे, धाकटी परदेशात शिक्षणक्षेत्रात आहे. क्षेत्रात बेडूक आहे हे नाही सांगितलं. मी मात्र तो फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. साडी काढताना दिसतो.

तर आता तिला शिकायचंय भाषा शिकवायची कशी, त्याचं शास्त्र. म्हणजे तीन वर्षं शिकवून झाल्यावर. मी म्हटलं, अगं, हे वरातीमागून घोडं नाही का? तर म्हणाली, आई, मला कळायचं नाही की एखादं पोर वर्षभर गप्प बसून एके दिवशी एकदम बोलायला का लागतं. ते मला शोधायचंय. हे मात्र त्याच दिवशी एका सल्लागाराला भेटून आले, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींनाही घेऊन गेले. प्रवेशाचे अर्ज लिहून देणारा माणूस — काचेचं केबिन, भिंतीवर हसणाऱ्या मुलांचे फोटो. तो म्हणाला, अर्जाबरोबर निबंध लागतो, आणि निबंधात दुःख लागतं. हो, दुःख. मलाच विचारायला लागला, कारण धाकटी काही सांगेना. घरात कुणी अकाली गेलंय का? म्हटलं, नाही हो, देवाच्या कृपेनं सगळे आहेत. तर चेहरा पडला त्याचा. पुरात, आगीत घर वगैरे? नाही. मोठं आजारपण? म्हटलं, माझा गुडघा आहे. म्हणाला, गुडघा चालत नाही. म्हटलं, तेच तर दुःख आहे. नाही हसला तो. परत येताना रिक्षात मला इतकं ओशाळल्यासारखं झालं — पोरीला काही कमी पडू दिलं नाही म्हणता म्हणता दुःखच कमी पडू दिलं आम्ही. पण माणूस हुशार हं. बेडकाचं त्यानं काय केलं ठाऊक आहे? 'बहुभाषिक वर्गात नाट्यमाध्यमाचा प्रयोग.' मी तीनदा वाचलं, बेडूक कुठे दिसेना.

आणि शिफारशी. तिथल्या मुख्याध्यापिकेनं लिहून दिलं — वेळेवर येते, नीटनेटकी असते, मुलं हिच्यामागे धावतात. मला तर डोळ्यांत पाणी आलं, याहून काय हवं माणसाला? सल्लागार म्हणाला, ही आयाबाईची शिफारस झाली, यात संशोधनवृत्ती दिसत नाही. मग संशोधनवृत्ती घालून पुन्हा लिहून मागवलं. सगळ्यांच्याच शिफारशीत म्हणे तीच घालतात, मिठासारखी.

नाही हो, चहा घ्या की. मौनात चहा करता येतो. साखर? हल्ली मीही घेते. ती तिकडे होती तोवर सोडली होती. साखर, गोड, सगळं. ती परत यावी म्हणून — म्हणजे सुखरूप परत यावी म्हणून. एकच आहे ते. पहिल्या वर्षी काही झालं नाही, दुसऱ्या वर्षी मी गूळही सोडला. आणि तिसऱ्या वर्षी शाळेनं तिचा करार वाढवला नाही. पटसंख्या घटली असं कारण दिलं. आता त्या बिचाऱ्या शाळेला काय ठाऊक, इकडून माझी साखर लागू पडली म्हणून. विमानतळावरून आल्या आल्या मी दोन चमचे घालून चहा प्यायले, आणि तिच्याकडे बघत बसले. ती म्हणाली, आई, काय झालं? म्हटलं, कुठे काय.

येऊन सहा महिने झाले. दोन बॅगा घेऊन आली होती, त्यातली एक, पुस्तकांची, अजून उघडलेली नाही. कपाटावर आहे. मी धूळ पुसते तिच्यावरची. म्हणून म्हटलं, पुस्तकांना जागा नसेल तर कशाला उघडेल ती बॅग? भिंतभर फळ्या करून घेऊ. हो, भिंतभर, खाली-वर चार. तिला नाही विचारलं अजून. एकदा फळ्या लागल्या की पुस्तकं बाहेर येतील, पुस्तकं बाहेर आली की माणूस... एकदा लावलेल्या फळ्या तुम्ही कधी कुणाकडे परत उतरवल्यात? बघा. कुणी उतरवत नाही.

पण एक सांगू? तिकडे होती तेव्हा रविवारी फोन करायची आणि तासभर बोलायची. कोण पोर काय म्हणालं, कोण चावलं, दुकानात मीठ मागायला गेले तर काय हातवारे करावे लागले — मी इकडे हसून हसून डोळे पुसायचे. ह्यांना जेवायला वाढायलाही विसरायचे. आणि आता समोर बसते. दुपारी दोन शिकवण्या घेते, संध्याकाळी माझ्यासमोर बसून भाजी निवडते, आणि मी काही विचारलं की — हं. भूक लागली का? हं. बरं वाटतंय ना? हं. मी घरी आणलं तिला, मिस्त्री, आणि ती फोनवरची कुठे गेली तेच कळेना. तिकडे होती तर तास मिळायचा. इकडे आहे तर हं.

थांबा. हसले का आत? एकटी ती नाही, पलीकडचेही हसले. मुलाखतीत हसतात? ह्यांच्या बँकेच्या मुलाखतीत कुणी हसलं नव्हतं. काहीतरी चुकलं असणार तिचं. इंग्रजीत चुकायची नाही, पण... आणि आता गप्पच आहे बघा. का गप्प आहे? माझं मौन नीट पाळलं गेलं असतं तर — छे, हे कुजबुजणंच भोवणार. तुम्ही आलात नेमके, नाहीतर मी कशाला...

बरं, आलात कसे ते माहीत आहे मला. अकराला या, उशीर नको. दोनदा. हो, म्हटलं होतं. मुलाखतीची वेळ तिनं चार दिवस आधी सांगितली आणि मी आत येऊन फोन तुम्हालाच लावला. मला काय करायचं होतं ते विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. मशीन घुर्रर करेल, पलीकडचे म्हणतील हे काय, ही चिडेल, आणि मग... मग काय, ते पुढचं मनात आणलंच नाही मी. आणि त्याच तोंडानं देवापुढे मौनाचा संकल्पही सोडला. देवाला वाटलं असेल, ही बाई मागते काय नक्की? म्हणून तर तुम्हाला या स्टुलावर धरून ठेवलंय मघापासून.

शू. ऐका. बोलायला लागली. ऐकू येतंय? मला शब्द कळत नाहीत सगळे, पण चाल कळते. बघा — आधी हळू, मग एकदम पळत सुटते, मध्येच स्वतःच हसते, आणि परत पळते. हा तो आवाज. फोनवरचा. रविवारचा. सहा महिने झाले हो, ऐकला नव्हता मी. तुम्ही जरा हलू नका, स्टूल करकरतंय.

किती बोलते ती. बोलू दे. असंच तर बोलायची.

...आली वाटतं. झालं? अगं, झालं का? काय म्हणाले? कळवतील — बरं, कळवू देत. चेहरा तर बघ केवढा... नाही, मी कुठे बोलत होते? माझं मौन नाही का आज. हे मिस्त्री बोलत होते मघापासून, मी आपली ऐकत होते. काय? पलीकडे ऐकू गेलं? त्यांनी विचारलं हा कुणाचा आवाज? आणि तू काय सांगितलंस — आई आहे, आज तिचं मौन आहे. अगं बाई. म्हणून हसले होय ते. आणि मग तेच विचारत बसले? गप्प राहणाऱ्याला आतून किती बोलायचं असतं, त्यावर? आणि तू बोलत सुटलीस. माझ्यावरून. बघा मिस्त्री, आणि तो सल्लागार गुडघा नको म्हणाला होता.

हे? हे फळ्या लावायला आलेत. कुठे म्हणजे, तुझ्या खोलीत. पुस्तकांसाठी. हो, भिंतभर. अशी बघू नकोस माझ्याकडे. नाही, परत नाही पाठवायच्या, मापानं कापून आणल्यात त्यांनी. लागू देत. तू गेलीस तरी सुट्टीला येशील, तेव्हा बॅग कुठेतरी उघडायला नको? आणि एक फळी मला हवीच होती... कपाटाच्या दाराआतलं एक बाहेर मांडायचंय, ते बघू नंतर. तू जा, खाऊन घे काहीतरी. जा गं.

मिस्त्री, उठा आता, चहा निवला तुमचा. काढा ते मशीन बाहेर. अहो, वाजू दे आता, वाजायलाच हवंय. माझं मौन आहे अजून, संध्याकाळपर्यंत वाढवलंय मी. चालू करा. माझ्याकडे बघू नका, भिंतीकडे बघा.