गार्गीचा डावा डोळा

"हॅलो? हॅलो, अक्षताताई?… मी सुयोग… हो, मरोळलाच, स्टुडिओत. जेवलो गं… ताई, ऐक ना. गार्गीला उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

समोरच्या पडद्यावर भाचीच्या पहिल्या वाढदिवसाचा मूळ फोटो उघडा होता. उजव्या बाहुलीत फ्लॅशचा नेहमीचा लाल ठिपका. डाव्या बाहुलीत मात्र ओल्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखी पांढरी झाक.

"नाही गं, लागलं-बिगलं नाही. डावी बाहुली पांढरी दिसतेय… फ्लॅश? एकात नाही, तीन फोटोंत आहे!… हो, मांजरीसारखा चमकतो म्हणून तुम्ही लाडाने मनी म्हणता, माहितेय. तेच तर सांगतोय!… सासूबाई काय म्हणतात?… दृष्ट? ताई, हे मीठमोहऱ्यांनी उतरत नाही."

एरवी ज्याचे हळू बोलणे गिऱ्हाइकाला दोनदा विचारावे लागे, त्या सुयोगचा आवाज चढला होता आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

"कोण म्हणतं म्हणजे? डोळ्यांच्या डॉक्टर आल्यात इथे, लेकीचा अल्बम निवडायला. नमुने दाखवताना गार्गीचा मूळ फोटो उघडला, त्यांनीच पाहिलं… कारणं बरीच असतात म्हणाल्या. जन्मतः मोतीबिंदू, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार, जंतुसंसर्ग… आणि… आत गाठ… अगं, आहेच असं कुठे म्हणतोय! तपासल्याशिवाय कळणार कसं?… घरची पूजा झाल्यावर नेते म्हणतेस? गाठ असली तर ती पूजेसाठी थांबणारे का?… नाही, ओरडत नाहीये… काय? अल्बम काढलास? त्यात दोन्ही डोळे सारखे…"

महिन्यापूर्वी हाच फोटो अल्बमसाठी साफ केला ती दुपार, माऊसवरचे आपले ते कुशल, निष्काळजी बोट त्याला आठवले.

"आहे… ऐकतोय. ताई, अल्बममधला तो डोळा गार्गीचा नाही. मी केलेला आहे. उजव्याचा लाल काढला आणि तोच उचलून डाव्यावर बसवला… फ्लॅशचा दोष वाटला गं. रोज तेच करतो आम्ही… हो. मीच झाकलं.

बरं, एक कर. जागी आहे ना? खुळखुळा खेळतेय? मग तिचा उजवा डोळा तळहाताने झाक, हळूच… हात ढकलते?… हो, ऐकू येतंय रडणं. सोड, सोड तिला… आता डावा झाक."

पलीकडचे रडणे ओसरले. डावा डोळा झाकलेला असतानाच खुळखुळा पुन्हा वाजू लागला, जणू काही झाकलेच गेले नव्हते.

"ताई… कळलं. सांगू नकोस. पिशवी भर तिची, मी भांडुपला निघालो."