पडून राहिलेले बूट

बूटदुरुस्तीच्या दुकानात शाळेतल्या बाई बॅगेचा पट्टा शिवून घ्यायला आल्या होत्या. पुढच्या गृहस्थांचं आणि कारागिराचं चाललेलं बोलणं आपसूक त्यांच्या कानावर पडत होतं.

"साहेब, हे झिजलेत कुठे? नुसते पडून पडून सोल सुटलाय."

"गेल्या जानेवारीत घेतले. रोज पाच किलोमीटर पळायचं ठरवलं होतं."

"मग?"

"नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चारच झाले."

"आणि यंदा?"

"यंदा ठरवलं काहीच नाही. दादाकडे एकदा जाऊन यावं, एवढंच मनात आहे. बस म्हणाला तर बसेन, नाहीतर दारातूनच परत."

"बोलणं नाही वाटतं?"

"सहा वर्षं झाली."

"आणि दारच उघडलं नाही तर?"

"तर पुन्हा केव्हातरी जाईन. मनाला लावून घ्यायचं नाही."

"राहतात कुठे? लांब चालायचं असेल तर टाके घालावे लागतील. जवळच असेल तर नुसत्या चिकटवण्यावर भागेल."

गृहस्थांनी हातातला बूट उलटा करून पाहिला.

"आमच्याच इमारतीत. वरच्या मजल्यावर."

कारागिरानं सुईत दोरा ओवला.

"मग टाकेच घालतो."